आजोबांनी न फोडलेली स्क्रीन

कवळीवाल्यांना आपल्या हातांचा फार अभिमान होता. दातांच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या साच्यांवरून कवळ्या घडवायच्या, हा त्यांचा धंदा. "लोक माझ्या जिवावर हसतात," असं ते म्हणत. हा विनोद घरात इतक्यांदा होऊन गेला होता की त्यावर हसायचं सगळ्यांनी कधीच सोडलं होतं.

घरात ते, कॉलेजात जाणारी मुलगी आणि त्यांचे म्हातारे वडील. बायको नोकरीपायी दुसऱ्या गावी, सुट्टी मिळाली की यायची. वडिलांना ते अण्णा म्हणत. अण्णांना अलीकडे विसरायला व्हायचं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायचे; पण स्वतःचा चहा स्वतः करायचे आणि वर, "तुझ्यापेक्षा बरा होतो," असं मुलाला ऐकवायचेही.

मुलगी लॅपटॉपवर शर्यतीचे गेम खेळायची. नुसता वेळ घालवायला नाही, टीममधून, स्पर्धांमध्ये. एकदा हरल्यावर ती वैतागून म्हणाली, "मला वळण दिसतं तोवर बाकीचे वळलेलेसुद्धा असतात, बाबा. माझी स्क्रीन साठ हर्ट्झची. सेकंदाला साठच चित्रं. त्यांच्या एकशेचव्वेचाळीसच्या आहेत."

कवळीवाल्यांनी हे मनात ठेवलं. ती मैत्रिणींबरोबर सहलीला गेली, तसं त्यांनी गुपचूप नवी स्क्रीन मागवली. कुणाला विचारायचं नाही, दुरुस्तीवाल्याकडे जायचं नाही. इतकी नाजूक कामं रोज करतो, हे काय मोठं!

दुपारी अण्णा आत झोपले होते. कवळीवाल्यांनी स्क्रू काढले, स्क्रीनभोवतीची चौकट अलगद सोडवली, जुनी स्क्रीन बाहेर घेतली. इथवर सगळं झकास. पण लॅपटॉपमधून येणारी वायर नव्या स्क्रीनच्या मागे बसेचना. खाच रुंद, वायरचं तोंड अरुंद. एकशेचव्वेचाळीसच्या स्क्रीनला वायरही वेगळी लागते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. चिडून त्यांनी जुनीच स्क्रीन परत लावली आणि चौकट बसेना म्हणून कोपऱ्यात अंगठ्याने दाबली. कट् असा आवाज झाला.

लॅपटॉप सुरू केला, तर कोपऱ्यात शाई सांडावी तसा काळा डाग आणि त्यातून निघालेल्या रंगीत रेघा. नवी स्क्रीन त्यांनी कपाटावर लपवली. लॅपटॉप मिटून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला. तिथे अण्णा पेपर वाचत बसायचे. मुद्दाम तिथे ठेवला नव्हता, असं नंतर त्यांनी स्वतःला कितीदा तरी बजावलं.

मुलगी आली, लॅपटॉप उघडला आणि किंचाळलीच. टेबलावर, लॅपटॉपला लागूनच, अण्णांचा पेपरांचा गठ्ठा होता. तिने जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "आजोबा, तुम्ही यावर काही जड ठेवलं होतं का?"

अण्णा आठवायला लागले. गठ्ठ्याकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. "ठेवलं असेल गं. मला आठवत नाही. मीच ठेवलं असणार."

कवळीवाले दारात उभे होते. त्याच क्षणी बोलायला हवं होतं.

"जाऊ दे, आजोबा," मुलगी म्हणाली, आणि आपल्या खोलीत जाऊन रडली.

त्या दिवसापासून अण्णा बदलले. पेपर मांडीवर घेऊन वाचू लागले. टीव्हीचा रिमोटसुद्धा "तूच लाव" म्हणून पुढे करायचे. चहा बंद झाला. कामावर कवळीवाल्यांनी एका बाईंच्या कवळीत डावा दात उजवीकडे बसवला. आधी वायर मागवू, स्क्रीन बदलून देऊ, मग सांगू, असं ते रोज घोकत आणि रोज पुढे ढकलत.

एका संध्याकाळी ते घरी आले तेव्हा अण्णा स्वयंपाकघराच्या दारात हात मागे बांधून उभे होते.

"काय झालं, अण्णा?"

"तहान लागलीय. कुणी येतंय का बघत होतो."

"मग घ्यायचं ना पाणी! समोर तर आहे."

"नको रे. माझ्या हातून काहीतरी व्हायचं आणि मला कळायचंही नाही."

कवळीवाल्यांनी पाणी दिलं, मुलीला हाक मारली आणि दोघांना समोर बसवून सगळं सांगून टाकलं. कपाटावरची स्क्रीन काढून दाखवली.

मुलगी म्हणाली, "स्क्रीनचं मला काही नाही, बाबा. पण तुम्ही आजोबांना हे असं वाटू दिलंत?"

अण्णा मात्र हसले. मुलाच्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला. "तू लहानपणापासून असाच. मला बरं वाटावं म्हणून अंगावर घेतोयस."

"नाही हो अण्णा, खरंच मीच!"

"बरं, बरं, तूच," अण्णा म्हणाले, जसं एखाद्या लहान मुलाची समजूत घालावी तसं.

सत्य सांगूनही ते पोचणार नाही, हे कवळीवाल्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मुलीने योग्य ती वायर शोधून काढली आणि या वेळी दुरुस्तीवालीकडून स्क्रीन बदलून घेतली. शर्यतीतली गाडी आता लोण्यातून सुरी फिरावी तशी वळायची. वडिलांशी ती कामापुरतंच बोलत होती, पण आजोबांना रोज जवळ बसवून खेळ दाखवायची. "जुनी काय, नवी काय, सारखंच दिसतं मला," असं ते प्रामाणिकपणे सांगायचे.

हळूहळू ते पुन्हा ओट्याशी जाऊ लागले. एका सकाळी आतून खळ्ळकन आवाज आला. कवळीवाले धावले. कपबशीचे तुकडे पडले होते आणि अण्णा कधी नव्हे इतके ताठ उभे होते.

"ही मीच फोडली! हातातून सुटताना पाहिली मी!"

कवळीवाले खाली बसून तुकडे गोळा करू लागले. त्यांना हसूही येत होतं आणि वर बघायची हिंमतही होत नव्हती.

आजही मधूनच, पेपर बाजूला ठेवून, अण्णा विचारतात, "ते लॅपटॉपचं माझ्या हातून झालं ना रे?"

"नाही, अण्णा. माझ्या हातून," कवळीवाले सांगतात. दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगतात. अण्णा ऐकून घेतात, मान हलवतात. पटतं की नाही, ते कळत नाही.