उपास फक्त पोरीला

बायकोबरोबरचं शेवटचं बाहेर जाणं म्हणजे ठाण्यातला मुलांच्या वजनाचा दवाखाना. नातीला घेऊन गेलेलो. शेजारच्या बाकड्यावर एक बाप आपल्या पोरीला घेऊन बसलेला. शर्टाचं मधलं बटण पोटापुढे कधीच हरलेलं आणि हातात वेफरचं पाकीट. पोरगी मान खाली घालून.

सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल असं तो सांगत होता, "डॉक्टर म्हणाले कमी खायला द्या. मी हिला सोमवार, गुरुवार, शनिवार उपास लावले. तरी वजन वाढतंच."

"उपासाला देता काय?" बायकोनं विचारलं.

"साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचे लाडू."

"मग वाढेल नाहीतर काय, भाऊ? आणि डॉक्टर तर सांगतात, घरात सगळ्यांनी सारखंच जेवा."

"मी कशाला? मी काय पेशंट आहे?" म्हणत त्यानं पाकिटातला चुरा तोंडात ओतला आणि बोटं चाटली. पोरगी ती बोटं बघत होती.

रिक्षात मी त्याची भरपूर टिंगल केली. बायको म्हणाली, "हसू नका. नात बिनसाखरेचा चहा पिते, आणि तुम्ही तिच्यासमोर तीन चमचे घालता."

त्याच रात्री बायको झोपेतच गेली.

सकाळी घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून शेजारणीनं चहा आणला, साखरेचा डबा वेगळा. रडून डोळे सुजलेल्या नातीनं सवयीनं डबा माझ्याकडे सरकवला. मी तो न उघडताच शेजारणीला परत दिला आणि नातीजवळ बसून तिच्यासारखाच चहा प्यालो.