चांदीच्या बासरीला बदामाचं तेल

माझा नवरा ओत्ताव्यो ब्रेस्सान ओदेसाला आला तो एका हंगामापुरता. इटलीतल्या व्हिचेंझाहून निघालेल्या ऑपेरा मंडळीत तो बासरी वाजवायचा. मंडळी परत गेली, हा मात्र तापाने फणफणून आमच्या माडीवरच्या खोलीत पडून राहिला. आई त्याला माशांचं सूप पाजायची आणि मी त्याच्या नाजूकपणाला नावं ठेवायचे. बरा झाल्यावर म्हणाला, इथली हवा मानवते. हवा कसली, मी मानवले होते.

पुढे तीस वर्षं त्याने संगीतशाळेत शिकवलं. नव्या शिष्याला महिनाभर बासरी मिळायचीच नाही. कागदाचा कपटा नुसत्या फुंकरीने भिंतीला चिकटवून धरायचा. गव्हाच्या व्यापाऱ्यांचे कारकून गाल लाल होईस्तोवर फुंकत बसायचे. तो स्वतः वाजवायला लागला, की मला हातातलं काम सुचायचं नाही, हे मी त्याला कधी कळू दिलं नाही.

मग शाळेत नवे संचालक आले. त्यांनी फर्मान काढलं: यापुढे नव्या पद्धतीची, भोकांवर झाकणासारख्या चाव्या बसवलेली चांदीची बासरीच शिकवायची, आणि मास्तरांनी ती आधी समितीपुढे वाजवून दाखवायची. नाही जमलं तर घरी बसायचं. अठ्ठावन्नाव्या वर्षी बोटांना नवं वळण लावायचं म्हणजे काय खायचं काम आहे? हा गडी उन्हाळाभर जेवतानाही टेबलावर बोटं नाचवत होता. शेवटी जमवलं त्याने.

परीक्षेच्या सकाळी तो दाढी करत होता. त्याच्या जुन्या लाकडी बासरीला तो दर रविवारी बदामाचं तेल लावायचा, नाहीतर लाकूड तडकतं. वाटलं, आज त्याचं एवढं तरी काम आपण करावं. मी शाळेची ती चांदीची बासरी आतून-बाहेरून पुसली आणि चाव्यांनाही सढळ हाताने तेल लावलं.

समितीपुढे त्याला चार ओळीही धड वाजवता आल्या नाहीत. मी मागच्या बाकावर होते. मध्येच थांबून त्याने बासरी नाकाजवळ नेली, मग खाली ठेवली.

"माफ करा," तो म्हणाला. "बोटं म्हातारी झाली."

नोकरी गेली. महिनाभर मी त्याला टोचत राहिले. "तीस वर्षं लोकांना शिकवलंस आणि स्वतः नापास?" तो मान खाली घालून जेवायचा.

मग एकदा वाद्यं दुरुस्त करणारा कुन्त्से बाजारात भेटला. हसत म्हणाला, "बाई, शाळेच्या त्या बासरीला कोणा शहाण्याने तेल पाजलं? चाव्यांखालच्या गाद्या पार चिकटल्या होत्या. चांदीला कोणी तेल लावतं का?"

मी तशीच घरी आले. तो खिडकीशी वाटाणे सोलत होता.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"वासावरून कळलं."

"मग तिथेच सांगायचंस ना."

"सांगितलं असतं, तर सगळ्यांदेखत तू कुठे तोंड लपवलं असतंस, ग्लाशा?"

"आणि मी महिनाभर बोलत होते ते?"

"बायको बोलणारच," तो म्हणाला. "पण तीस वर्षांत माझ्या बासरीला दुसऱ्या कोणी तेल लावलं नव्हतं."

मी दुसऱ्या दिवशी खरं काय ते सांगायला संचालकांकडे गेले. पण ओत्ताव्योच्या जागी नवा मास्तर आला होता.

ओत्ताव्यो जाऊन आता नऊ वर्षं झाली. गावात कोणी म्हणालं, की ब्रेस्सानची बोटं शेवटी कामातून गेली, तर मी त्याला रस्त्यात अडवते आणि सांगते, बोटं ठणठणीत होती. तेल मी लावलं होतं.