मारोतमामाची लॅटिन

आमच्या मारोतमामाला लॅटिन येत होती, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. एकोणीसशे सत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास तो भंडाऱ्याच्या कोर्टात वकिलाचा मुन्शी होता. साहेबांच्या तोंडचे अगडबंब शब्द तो कोर्टासमोरच्या चिंचेखाली बसून पक्षकारांना उलगडून सांगायचा. ‘एक्स पार्टी’ म्हणजे तू आला नाहीस, तुझ्यामागेच निकाल लागला. ‘साइने डाय’ म्हणजे पुढची तारीखच नाही, घरी जा. सांगताना ऐट अशी, जणू हे शब्द मामाच्याच धानाच्या बांधीत पिकले होते! आजही त्या चिंचेखालून जाताना मला त्याची फार आठवण येते.

एकदा पवनीकडची बायाबाई आली. तिचं घर गावच्या तलावातल्या मासोळीवर जगायचं, आणि एक ठेकेदार त्यांना तिथून हुसकू पाहत होता. कोर्टानं ‘स्टेटस को’ दिला. मामा म्हणाला, “जसं आहे तसंच ठेवाचं, बाई. निकालापर्यंत काहीच बदलवाचं नाही.”

पुढच्या तारखेला बायाबाई पार वाळून आली.

“काहून वो, बिमार होतीस काय?”

“बिमार कायची, भाऊ? तुमीच सांगतलं ना! तवापासून पान्याले हात नाही लावला. लेकरं कण्या खाऊन राहिले.”

त्यांच्या गावची रीतच तशी. तलावाचा तंटा पंचांपुढे गेला की निकालापर्यंत कोणीच जाळं टाकायचं नाही. कोर्टाचंही तसंच असेल, असं त्यांनी धरलं. मामाचा चेहरा उतरला. वकीलसाहेबांना न विचारताच तो बायाबाईबरोबर एसटीत बसला आणि तलावाच्या पाळीवरून ओरडला, “टाका जाळे! आधी तुमीच धरत होते, तर आताही तुमीच धराचं!” पहिलं जाळं वर आलं तेव्हा मामा रडला, असं बायाबाई सांगायची. मामा म्हणायचा, डोळ्यात चिलट गेलं होतं.

तेव्हापासून अर्थ सांगून झाला की मामा विचारायचा, “आता उद्या सकाळी काय करशील, ते मले सांग.” उत्तर पटल्याशिवाय सोडायचा नाही. साहेब जाम वैतागायचे.

ऐंशी सालानंतर केव्हातरी मामा गेला. तेरवी झाली तरी मामी चुलीकडे वळेना. आम्ही समजावून थकलो. एक दिवस बायाबाई आली, मामीजवळ भुईवर बसली आणि म्हणाली, “उद्या सकाळी काय कराल, ते मले सांगा.”

मामी हंबरडा फोडून रडली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, “चूल पेटवीन.”

तेव्हाच बायाबाई उठली.