उचलून देणारे मामा

कार्यक्रमात माझी ओळख करून द्यायला कोणी उभं राहिलं की मी आधीच मान खाली घालून बसतो. 'धान्यबाजारात हमाली करून शिकले, कोणाचा आधार नसताना स्वबळावर प्राध्यापक झाले' हे वाक्य येणार म्हणजे येणारच. हमाली केली हे खरं आहे. उरलेल्या वाक्याबद्दल मी इतकी वर्षं तोंड उघडलं नाही, कारण उघडलं तर चारचौघांत माझीच लाज निघते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शहराबाहेरचं कळमन्याचं मार्केट अजून झालं नव्हतं, धान्याची उलाढाल जुन्या शहरात, इतवारीत चाले. बाबा तिथे हमाल होते. त्यांना दम्यानं धरलं, बाजारातली धूळ सोसेना, तेव्हा हमालांच्या टोळीतली त्यांची जागा मला मिळाली. मी बी.ए.ला होतो आणि विषय घेतला होता तत्त्वज्ञान, म्हणजे वस्तीच्या मते निव्वळ येडपटपणा. सकाळी सहा ते दहा पोती वाहायची, नळाखाली डोकं धरायचं आणि अकराला वर्गात बसायचं. केसांत भुसा राहायचाच.

पोतं कसं वाहतात ते सांगतो, पुस्तकवाल्यांना ते माहीत नसतं. क्विंटलभराचं पोतं जमिनीवरून एकट्यानं पाठीवर घेता येत नाही, कितीही पहिलवान असो. दोघं जण दोन टोकं धरून उचलतात आणि तिसरा वाकून पाठ देतो. आमची टोळी आठ जणांची. त्यात एक म्हातारे होते, बाबांचे जुने जोडीदार, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांचे गुडघे कामातून गेले होते. पोतं ते एकही वाहत नसत, सकाळभर एका टोकाला उभे राहून सगळ्यांना उचलून देत. तरी आठवड्याच्या मजुरीचे आठ सारखे वाटे पडत आणि मामांना त्यांचा वाटा पुरा मिळे. बायको अंथरुणाला खिळलेली, दुसरं कमावणारं कोणी नाही. त्या वाट्यावरच त्यांचं घर चालत होतं.

पहिल्या दिवशी माझे पाय लटपटले तेव्हा मामाच म्हणाले होते, "दम रोकू नको गा. सोडत सोडत उठ." मग मी उठलो.

कॉलेजात आमचे सर होते, वकिलांच्या घरातले, बोलणं फार गोड. त्यांनी एका जर्मन तत्त्ववेत्त्याचा विचार शिकवला. दुबळ्यांना बलवानाशी लढता येत नाही, म्हणून ते दया आणि समता हे मोठे गुण म्हणून मिरवतात आणि त्यात बलवानाला बांधून टाकतात. मग सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हा बघा. याला कोणाच्या दयेची गरज पडली का? बलवान कुठल्या घरात जन्मतो, याला महत्त्व नाही."

मी फुगलो. काहून नाही फुगणार? आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी बाबा दीक्षेच्या मैदानावर होते. आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या दुबळं ठरवलं गेलं होतं, आणि ठरवणारे काही दुबळे नव्हते. नियम त्यांनी केले, सोसले आम्ही. खरं तर मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं, सर, मग आमच्याकडे हे उलटं कसं? नाही विचारलं. बलवानांच्या बाकावर मला पहिल्यांदाच कोणी बसवलं होतं, तिथून उठायचं जिवावर आलं.

तोच तोरा घेऊन मी टोळीत बोललो. परीक्षा आटोपून नुकताच कामावर आलो होतो. चहाच्या वेळी सगळे पोत्यांवर बसलेले. मी म्हटलं, "जो जेवढे पोते वाहीन तेवढी त्याची मजुरी. मी चाळीस वाहतो, कोनी एकबी नाई वाहत, अन्‌ वाटा सारखा. मान्सानं दयेवर काहून जगावं?"

मामांनी बशीतला चहा संपवला. टोळीचा मुकादम म्हणाला, "परीक्षेत महिनाभर तू कोठी होता?"

"घरी. अभ्यास करून राहिलो होतो."

"अन्‌ घर कशावर चाल्लं?"

मी म्हटलं, बाबांनी साठवलेल्या पैशांवर. मुकादम म्हणाला, "मायले इचार."

मायनं चुलीपुढून मान वर न करता सांगितलं. दर शनिवारी मामा येत होते, माझा वाटा रुमालात बांधून. टोळीत कोणी आजारी पडलं, कोणाच्या घरी मयत झाली, तर त्याचा वाटा बंद होत नसे. ही जुनी रीत मला माहीत होती. पण परीक्षेला ती लावायची, हे मामांनी टोळीकडून भांडून कबूल करून घेतलं होतं. मला सांगू नका म्हणून मायला ताकीदही दिली होती. "त्याचं मन पुस्तकातून उठन," म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी टोळीपुढे शब्द मागे घ्यायचे ठरवून गेलो, तर मामा आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. टोळीनं त्यांचा वाटा घरी पाठवला, तो त्यांनी तसाच परत केला.

मला पुढे फर्स्ट क्लास मिळाला, सरांनी वर्गात पेढे वाटले. आता मी स्वतः तोच विचार शिकवतो आणि दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारतो, हमालाचा मुलगा प्राध्यापक झाला, म्हणजे तो जर्मन खोटा पडला ना? मी म्हणतो, माझ्यावरून काही ठरवू नका, मी एकटा वर आलेलो नाही. पुढचं सांगत नाही. ते इथे लिहितो.

चौथ्या दिवशी मी मामांच्या घरी गेलो. ते बायकोला भात भरवत होते. मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं. चला."

"तू खोटं नाई बोल्ला गा. पोतं तं मी वाहतच नाई."

"पन उचलून तुमीच देता."

"ते कोन हिशोबात धरते?" एवढंच बोलून त्यांनी पुढचा घास कालवला.

बाबाही खोकत खोकत जाऊन आले, मुकादम जाऊन आला. मामा बधले नाहीत. दया हा शब्द सगळ्यांदेखत ऐकल्यावर तो वाटा त्यांना घेववत नव्हता. पुढे एका गोदामात फाटकी पोती शिवायला बसले आणि शेवटपर्यंत तेच केलं.

त्या चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरून निघालो तेव्हा मामा गुडघ्यांवर हात टेकत दारापर्यंत आले.

"आता तुले कोन उचलून देते?"

मी म्हटलं, देतात दोघं.

"त्याईले सांग, डावीकडून वजन टाकू नका. डावा खांदा कच्चा आहे तुहा."

दोन वर्षं माझ्या पोत्याचं डावं टोक मामाच धरत होते. खांदा कच्चा आहे हे मला त्या दिवशी कळलं.