पट्टीचा पोहणारा

चोऱ्या, मारामाऱ्या, दरोडे, खून, सगळं पाहून झालं आणि त्यातलं बरंचसं विसरूनही झालं. निवृत्त माणसाला विसरायला भरपूर वेळ असतो. एक प्रकरण मात्र विसरायला जमलेलं नाही. ते घडलं फिलिपाईन्समधल्या एका बेटावर, आणि त्याचा कागद आला राहुरी तालुक्यातल्या आमच्या ठाण्यात. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. नावं लिहीत नाही. मुलाच्या वडिलांना गाव अण्णा म्हणत असे, मीही अण्णाच म्हणतो. त्यांचा गेलेला पोरगा तो ‘मुलगा’, आणि ज्याच्यावर आळ आला तो ‘दोस्त’.

दोघं एकाच गावचे, एका बाकावर बसून शिकलेले. आपल्याकडची बरीच पोरं हल्ली डॉक्टर व्हायला तिकडे जातात, तसे हे दोघंही गेले. परीक्षा संपली आणि सात जणांचा गट सुट्टीला एका बेटावर गेला. स्नॉर्कलिंग म्हणजे काय ते मला त्या फाईलमुळेच कळलं. डोळ्यांवर मोठा चष्मा, तोंडात नळी, पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचे मासे बघायचे. आमचे हवालदार वाचता वाचता म्हणाले, “साहेब, मासे बघायला एवढ्या लांब? आपल्या मुळा धरणावर ताटात मिळतात.” पुढच्या पानावर मुलाचा फोटो होता. तो पाहिल्यावर त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

तिथल्या पोलिसांनी अपघाती बुडून मृत्यू असं लिहिलं होतं. शवविच्छेदनातही तेच. मुलाने अंगात तरंगण्याचं जॅकेट घातलेलं नव्हतं आणि होडीवाल्याच्या फॉर्मवर ‘पोहता येतं’ या चौकोनात स्वतःच्या हाताने खूण केली होती. दोस्तच मृतदेह घेऊन गावी आला. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी पोलीस अधीक्षकांकडे अर्ज दिला: हा अपघात नाही, खून आहे. ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा मारून तो अर्ज माझ्या टेबलावर आला.

अण्णा आले ते बायकोला घेऊन. धिप्पाड माणूस, बोलणं खणखणीत. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “लिवा साहेब. सातव्या वर्षी पोराला विहिरीत टाकलं मी, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आठ दिसात डबा सोडला त्यानं. विहिरीत सूर मारनारं पोरगं गळ्याएवढ्या पान्यात बुडतं व्हय?”

“दोस्तावर संशय कशावरून?”

“त्याचं एक वरीस मागं पडलं, माझ्या पोराचं न्हाई पडलं. जळत हुता त्यो. आन बुडताना जवळ कोन हुतं? ह्योच.”

वहिनी शेजारी मांडीवर हात ठेवून फरशीकडे बघत बसल्या होत्या. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. नवऱ्याच्या बोलण्यात त्यांनी हूं की चूं केलं नाही. मी ते दुःख धरलं आणि पुढे लिहीत गेलो. खरं सांगायचं तर मला अण्णांचं म्हणणं पटलं होतं. मीही विहिरीत डबा बांधूनच शिकलेला माणूस. पट्टीचा पोहणारा असा बुडत नाही, असं मलाही वाटलं.

भारतीय माणसाने परदेशात केलेला गुन्हा इथे नोंदवता येतो, पुढे खटल्याला केंद्राची मंजुरी लागते. म्हणजे माझ्या अहवालावर सगळं होतं. दोस्ताचं परतीचं तिकीट तीन आठवड्यांवर होतं. गुन्हा दाखल झाला की पासपोर्ट अडकणार, पासपोर्ट अडकला की कॉलेज संपलं. त्याचा बाप चार गाई राखून पोराला शिकवत होता. सकाळी दूध घालायला केंद्रावर गेला की त्याच्या शेजारी कोणी उभं राहत नव्हतं, असं आमच्या बीटच्या शिपायाने सांगितलं. गावाचा निकाल माझ्या आधी लागला होता.

चौथ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर निनावी आवाज आला. “त्याच्या मोबाईलातला व्हिडिओ मागा. व्हडीतला हाय. त्यानं पुसलाय.” एवढं बोलून फोन बंद. तो कोणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि नंतर मी शोधलंही नाही.

दोस्ताला बोलावलं. ठाण्यात माणूस बसवला की पहिला अर्धा तास त्याच्याकडे बघायचं नाही, हा माझा नियम. आपण डायरी लिहायची, चहा प्यायचा. निर्दोष माणूस अर्ध्या तासात चिडतो. हा चिडला नाही. तीन दिवस बोलावला, तिन्ही दिवस एकच वाक्य: “तो पुढे गेला, मी मागे होतो, मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता.” शब्दसुद्धा इकडचा तिकडे नाही. खरं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो, काही विसरतो, काही नवीन आठवतं. पाठ केलेलंच तेवढं बदलत नाही.

“व्हिडिओ का पुसलास?”

“चुकून गेला, साहेब.”

“बाकीचे सगळे आहेत. तोच बरा चुकून गेला.”

 मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, जे करायचं ते केलं. आज त्याची लाज वाटते. एकवीस वर्षांचं पोरगं, आपल्या सवंगड्याला पाण्यात गमावून आलेलं, आणि मी त्याला दटावत होतो.

त्याचा मोबाईल प्रयोगशाळेत पाठवला. तिकडून उत्तर यायला महिने लागतात. म्हणून त्या सात जणांपैकी नाशिकच्या एका मुलीला फोन केला. तिनेही त्या होडीत व्हिडिओ काढला होता, तो पाठवला. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. होडीवाला नारंगी जॅकेटं वाटतोय. सगळे घालतायत. मुलगा जॅकेट हातात घेतो, हसतो आणि बाकावर ठेवून देतो. समोर दोस्त मोबाईल धरून उभा आहे. तो मोबाईल खाली घेतो, पुढे होऊन ते जॅकेट उचलतो आणि मुलाच्या छातीशी धरतो. मुलगा त्याच्याकडे बघून मान हलवतो. दोस्त थांबतो. जॅकेट परत बाकावर.

मी ते दहा वेळा पाहिलं. मारायला निघालेला माणूस जॅकेट घाल म्हणून मागे लागत नाही. पण मग हा पोरगा लपवतोय काय?

अक्कल चालेना तेव्हा मी जागा बघायला जातो. बेट काही माझ्या हद्दीत नव्हतं, म्हणून अण्णांची विहीर बघायला गेलो. भर उन्हात ड्रायव्हर आणि मी पायऱ्या उतरलो. चांगली रुंद विहीर, तळापर्यंत निवळ पाणी. हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, रुमालाने पुसलं आणि रुमाल गाडीत समोर टाकला. राहुरी येईपर्यंत तो वाळला. उचलला तर पापडासारखा कडक, घडीवर पांढरी रेघ.

ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, कालव्याच्या भागातलं पानी हाय. लई जड. कपडे धुतले तर उभे ऱ्हात्यात. बाया त्यात कपडे धूत न्हाईत, धरनाच्या नळाच्या पान्यात धुत्यात.”

मी रुमाल बघत राहिलो. रोज विहिरीत पोहणाऱ्या पोराचा टॉवेल कसा वाळतो हे घरात कोणाला माहीत असतं? बापाला नाही. गाडी वळवायला सांगितली.

बाईचा जबाब तिच्या घरी, महिला पोलीस सोबत असताना घ्यायचा असतो. महिला हवालदार येईपर्यंत संध्याकाळचे चार झाले. अण्णा रानात होते. वहिनी शेंगा फोडत ओसरीवर बसल्या होत्या. मी व्हिडिओचं बोललो नाही, दोस्ताचं बोललो नाही. एकच विचारलं, “वहिनी, पोरगा पोहून आला की त्याचा टॉवेल कसा वाळायचा?”

त्यांचे हात थांबले. हातातली शेंग त्यांनी सुपात ठेवली.

“मऊ,” त्या म्हणाल्या. “नळाच्या पान्यात भिजवायचा त्यो. गोठ्यामागं टाकी हाय, तिथं. डोकं बी तिथंच भिजवायचा.”

मग त्या बोलत गेल्या आणि महिला हवालदार लिहीत गेली. अण्णांनी त्याला डबा बांधून विहिरीत टाकलं ते खरं. पण तेवढ्यात कालव्याचं पाणी सुटल्याची हाक आली, आणि ते पोराला चुलत्याच्या भरवशावर सोडून उसात पाण्याची दारं धरायला रानात गेले. डबा सुटला. चुलत्याने वर काढला तेव्हा पोराचे ओठ निळे पडले होते. त्यानंतर तो पाण्यात उतरला नाही, आणि अण्णांना ते कोणी सांगितलं नाही. अण्णा रोज जेवताना विचारायचे, “पवला का?” पोरगा म्हणायचा, “पवलो.” सोबत जायचा तो दोस्त. हा पोहायचा, तो काठावर बसायचा. येताना टाकीवर भिजून घरी. अण्णा गावभर सांगायचे, माझा वाघ पट्टीचा पवनारा हाय.

“तुम्ही ठाण्यात हे का नाही सांगितलंत?”

“ह्यांच्यासमोर? पोरगं गेलं साहेब. आता त्याला लबाड म्हनू का मी?” मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “पन त्या दुसऱ्या पोराकडं बघवत न्हाई मला. त्यो आमच्यापायी मार खातोय.”

दुसऱ्या दिवशी दोस्ताला बोलावलं. या वेळी अर्धा तास बसवला नाही. म्हणालो, “काकूंनी टॉवेलचं सांगितलं.” तो टेबलावर डोकं ठेवून रडला. रडणं आवरल्यावर पाठ केलेलं वाक्य गेलं आणि खरं बाहेर आलं, अडखळत, मागेपुढे. होडीत त्याने मुलाला जॅकेट घाल म्हटलं. मुलगा म्हणाला, “हा व्हिडिओ अण्णांना पाठवायचाय. जॅकेट घालून कसा पाठवू?” उथळ पाण्यात उभा राहतो, मासे बघतो, एवढंच ठरलं होतं. पुढे जमीन एकदम खाली गेली.

“म्हणून पुसला व्हिडिओ. त्यात त्याचं ते बोलणं होतं. अण्णांनी ऐकलं असतं तर?” तो म्हणाला. “साहेब, मला माहीत होतं त्याला येत नाही. सगळ्यांसमोर एकदा बोललो असतो तर वाचला असता. मग खुनीच ना मी?”

मी म्हणालो, “नाही.” इतक्या वर्षांत आरोपीला ठाम ‘नाही’ म्हणायची वेळ माझ्यावर फार थोडी आली.

अहवालात ‘घातपाताचा पुरावा आढळून आला नाही’ एवढं एक वाक्य लिहून फाईल बंद करता आली असती. दोस्ताने हात जोडले, अण्णांना सांगू नका. वहिनींनीही तेच सांगून पाठवलं. दोन दिवस मी विचार केला. पण ते वाक्य अण्णांना पटलं नसतं. त्यांनी वरच्या कोर्टात धाव घेतली असती, आणि त्या पोराच्या कपाळावरचा शिक्का जन्मभर गेला नसता. मेलेल्याची लाज झाकायला जिवंत पोराचा बळी द्यायचा, हे मला मान्य नव्हतं. अण्णा-वहिनींना बोलावून घेतलं.

सांगायच्या आधी अण्णांना एक प्रश्न विचारला. साक्षीदाराला सगळ्यात पहिला विचारायचा प्रश्न, जो मी पहिल्या दिवशी विचारलाच नव्हता.

“अण्णा, तुम्ही त्याला पोहताना स्वतः पाहिलंय?”

ते लगेच बोलायला गेले आणि थांबले. “म्हंजी... त्यो सांगायचा. मला कुठं सवड हुती? पान्याची पाळी, ऊस, गाया.”

मग मी सगळं सांगितलं.  शेवटी अण्णांनी बायकोकडे न बघता विचारलं, “कोनाकोनाला ठावं हुतं?”

 वहिनी म्हणाल्या, “घरातल्या समद्यांला.”

अण्णांनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, “कुठं सही करू?” तक्रार नाही असा जबाब त्यांनी दिला. सही वेडीवाकडी आली, म्हणून खाली अंगठाही घेतला.

ऐकीव माहिती म्हणजे पुरावा नव्हे, हे मी शेकडो शिपायांना शिकवलं. चोराच्या मावशीने काही सांगितलं तर ‘बाई, तुम्ही पाहिलं का?’ असं दटावून विचारलं. आणि बाप आपल्या पोराबद्दल बोलला तेव्हा बिनतक्रार लिहून घेतलं. का, तर बाप आहे, त्याला माहीत असणारच. तीन दिवस त्या दोस्ताला छळलं ते या एका चुकीने. माझा मुलगा पुण्यात नोकरीत खूश आहे, असं मीही येईल त्याला सांगत असे. त्या रविवारी न कळवता त्याच्याकडे गेलो. त्याची नोकरी सुटून चार महिने झाले होते. मी ओरडलो नाही. दोघांनी चहा केला आणि बसलो.

दोस्त निघाला त्या दिवशी मी मुद्दाम राहुरीच्या स्टँडवर गेलो. गावातली चार माणसं आली होती, तीही लांबच उभी. बस लागली तेव्हा अण्णा आले. पोरगं घाबरून बापामागे सरकलं. अण्णांनी त्याची बॅग उचलून वर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तिकडं पान्यात उतारला तर ते जाकीट घालायचं. पवता येत आसलं तरी.”

पोरगं म्हणालं, “घालतो, अण्णा.”

“नुसतं म्हनू नको,” अण्णा म्हणाले. “फोटू पाठव. मी बघनार हाय.”