पाण्यातली साखळी आणि प्रतिज्ञापत्र
आज टेबलावर पाणी सांडले, ओल्या स्टॅम्पपेपरचा वास आला आणि काही वर्षांपूर्वी उमरग्याच्या तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देणाऱ्या माझ्याकडे आलेली मुरूम गावची विद्यार्थिनी आठवली. तिला शिष्यवृत्तीसाठी आपल्या संशोधनाचे प्रतिज्ञापत्र हवे होते आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. सजीवांच्या पेशीतल्या डीएनएसारखी कृत्रिम साखळी ती प्रयोगशाळेत घडवत होती. त्या साखळीचे दुवे पाण्यात किती दिवस शाबूत राहतात, हे तिला पाहायचे होते. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे असले, तरी अर्जात शंका ठेवू नये, हे माझ्याइतके तालुक्यात कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून मी डौलदार अक्षरात लिहिले, ‘सदर साखळी पाण्यात कायम टिकते.’ वाचून ती म्हणाली, “काका, हे कसं लिहिलं? अजून कुठं बघितलंय मी?” मी म्हणालो, “पोरी, साहेबाला ‘कदाचित’ चालत न्हाय. टिकते म्हण, लगेच मंजूर होतंय.” तिने शेवटच्या ठरावीक ओळीवर बोट ठेवले: वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. “ह्याच्याखाली सही माझी हाय, काका. उद्या तुटली तर?” कचेरी बंद व्हायला अर्धा तास उरला होता, तरी ती धावत जाऊन नवा स्टॅम्पपेपर घेऊन आली. त्यावर मी लिहिले, ‘टिकते किंवा नाही, हे तपासावयाचे आहे.’ शिष्यवृत्ती मिळाली का, साखळी टिकली का, मला कळले नाही. मात्र तेव्हापासून ती ठरावीक ओळ लिहिण्यापूर्वी मी पक्षकाराला विचारतो, “तुम्ही स्वतः बघितलंय का?” पुष्कळजण उठून शेजारच्या टेबलाकडे जातात.