नाडीवर मोजलेली लाट

ऑकलंडच्या पश्चिमेला, हेन्डरसन उपनगरापलीकडच्या किनाऱ्यावर आज उतरलो आणि जॅन्डल्समध्ये, म्हणजे इथल्या रबरी चपलांत, तापलेली काळी वाळू शिरली. त्या चटक्यासरशी बाबा आठवले. ऑकलंडला माझ्याकडे पहिल्यांदाच आलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून इथेच उभे होते.

आयुष्यभर पुण्यात फिजिक्स शिकवलेला माणूस. लाटांची तरंगलांबी काढल्याशिवाय कसला राहतोय! "घड्याळ कशाला? माझी नाडी सेकंदाला एक ठोका देते," म्हणत त्यांनी दोन बोटं मनगटावर ठेवली. एक लाट फुटली की समुद्र विचित्र गप्प व्हायचा. दुसरी येईपर्यंत त्यांचे दहा ठोके झाले, माझ्या फोनवर मात्र चौदा सेकंद. सूत्रात या वेळेचा वर्ग असतो, त्यामुळे त्यांचं उत्तर माझ्या उत्तराच्या निम्मंच आलं.

"बाबा, नापास!" मी हसलो.

"तुझा फोन तपासून घे," ते म्हणाले.

तपासायला हवं होतं ते त्यांचं हृदय. ते मधले ठोके गाळत होतं, हे त्याच हिवाळ्यात बाबा गेले तेव्हा कळलं.

आज समुद्र तसाच गप्प झाला, मी फोनवर सेकंद लावले आणि माझी बोटं आपोआप मनगटावर गेली. पुढची लाट फुटली तेव्हा फोनवर चौदा सेकंद झाले होते.

माझे ठोके दहाच भरले.